चेंबरमधला गाळ

हस्ताचा पाऊस ग्वाल्हेरला दर वर्षी येतोच असं नाही. आला की मात्र आषाढ-श्रावणात राहून गेलेलं सगळं दोन दिवसांत उरकून टाकतो. परवा तसा आला, आणि सकाळी दहाच्या सुमाराला वंदनाचा, म्हणजे माझ्या मुलीचा, पडावहून फोन आला.

"बाबा, गाडीत पाणी भरलं. पूरी सीटपर्यंत. आता उतरलंय सगळं. एकदा स्टार्ट करके देखूँ क्या?"

"चावीला हात लावू नकोस!" मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अहो बाबा, पण सुखली आहे ती. वरून तर एकदम ठीक दिसून राहिली आहे."

"वरून सगळंच सुकतं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

ठेवल्यावर लक्षात आलं की हे वाक्य माझं नाही. ते प्रभाकरचं आहे. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी त्यानं ते मला ऐकवलं होतं आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. तेव्हापासून मी ते वापरतो आहे, माझंच असल्यासारखं. ज्या माणसाचा आयुष्यात सर्वांत जास्त हेवा केला त्याचीच वाक्यं माझ्या तोंडात बसली आहेत, याचा मला अजूनही राग येतो.

भिजलेली गाडी वेगळी आणि बुडालेली वेगळी. भिजलेली उन्हात उभी केली की झालं. बुडालेल्या गाडीतलं पाणी दोन तासांत उतरतं आणि खरं काम त्यानंतर सुरू होतं. आधी रेघ शोधायची. पाणी जिथवर चढलं तिथे ते एक मातकट रेघ ठेवून जातं. दाराच्या आतल्या कापडावर, दिव्याच्या काचेआड, सीटखालच्या स्प्रिंगांवर. लोक गाडी बाहेरून धुतात, रेघ आत तशीच राहते. मग तेलाची पट्टी ओढून बघायची. तेल चहासारखं दुधाळ झालं असेल तर पाणी इंजिनात गेलं आहे. तेल बदलायचं, हे कुणालाही सुचतं, आणि इथेच माणूस फसतो. पाणी तेलाबरोबर निघून जातं, पण त्यानं बरोबर आणलेला गाळ खाली बसून राहतो. इंजिनाच्या तळाशी तेल साठायला एक पसरट भांडं असतं, त्याला मिस्त्री लोक चेंबर म्हणतात. ते खाली उतरवून हातानं पुसल्याशिवाय तो गाळ जात नाही. एवढं मला कळतं. कुणामुळे कळतं ते सांगायला आजही जड जातं.

आम्ही शिंदे की छावनीतले. पणजोबा दख्खनेतून घोड्यावर बसून आले, आजोबा पायदळात होते आणि दादा, म्हणजे माझे वडील, संस्थानच्या मोटारखान्यात उस्ताद. संस्थान विलीन झालं तसं मोटारखान्याचं सरकारी गॅरेज झालं. गाड्यांच्या दारांवरची राजमुद्रा खरवडून त्या जागी नव्या राज्याचं नाव रंगवायचं काम मी स्वतः केलं आहे. कितीही खरवडलं तरी ऊन तिरपं पडलं की रंगाखालून जुन्या मुद्रेचा गोल दिसायचा. नव्या मध्यभारताची राजधानी हिवाळ्यात आमच्याकडे आणि उन्हाळ्यात इंदूरला. वर्षातून दोनदा फायली, कपाटं, साहेब आणि साहेबांच्या बायकांचे पेटारे इकडून तिकडे जायचे. आपल्या अख्ख्या राजधानीची अर्धी झाली हे ग्वाल्हेरकरांना सोसवत नव्हतं. इंदूरवर त्या दिवसांत सगळं शहरच जळत होतं. माझ्या वाट्याला फक्त एक ठराविक इंदूरवाला आला.

दोन्हीकडच्या गॅरेजची माणसं एका यादीत घातली तेव्हा प्रभाकर आमच्याकडे आला. माझ्याच वयाचा, पंचविशीतला, सडपातळ. दाना ओलीत एक खोली घेऊन राहायचा. वडील लहानपणीच गेलेले, काम मामाकडे शिकलेला. खाकी कपड्यांच्या आतसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि कुठल्याही गाडीला हात लावण्याआधी हात पुसायचा. देवाला हात लावतोय की काय, असं मी पहिल्याच दिवशी चारचौघांत म्हणालो. कुणी हसलं नाही.

त्याच दिवशीची गोष्ट. एक गाडी उभ्या उभ्या चालू होती. प्रभाकर फाटकातून आत येता येता थबकला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह जळतोय वाटतं."

दादांकडे हातभर लांबीचा, शिसवी मुठीचा एक पेचकस होता. स्क्रू ड्रायव्हरला आमच्याकडे पेचकसच म्हणतात. दादा त्यानं स्क्रू फारसे पिळत नसत. त्याचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. डॉक्टरची नळी असते तसं. त्या दिवशी त्यांनी पेचकस लावला, बराच वेळ ऐकलं, मग डोळे उघडून प्रभाकरकडे बघितलं. बघतच राहिले. मी त्यांच्या हाताखाली सात वर्षं काम करत होतो. माझ्याकडे त्यांनी असं एकदाही बघितलं नव्हतं.

पुढे तो रविवारी आमच्याकडे जेवायला यायला लागला. आई पहिली पोळी त्याच्या पानात वाढायची. इंदूरहून त्याच्या आईनं पाठवलेल्या शेवेचा डबा तो घेऊन यायचा, आणि बाहेरचा कण तोंडात न घालणारे दादा ती शेव वरणभातावर घालून खायचे. मला ते जन्मभर "गधेड्या" म्हणाले, आणि हा कालचा पोरगा त्यांचा "प्रभाकरराव" झाला.

"प्रभाकरराव, संकोच नको. अजून एक घ्या," दादा म्हणायचे. "आमचे मनोहरपंत बघा. पाना असा धरतात, जसं काही लाटणं धरून राहिले आहेत."

आई पदर तोंडाला लावून हसायची. प्रभाकर मात्र हसायचा नाही. "असं काही नाही दादा, मनोहरचा हात चांगला आहे," असं म्हणायचा, आणि त्यानं तर माझा अगदी तिळपापड व्हायचा. शत्रूनं शत्रूसारखं वागावं, एवढी तरी माझी अपेक्षा होती. त्याच्यात एखादा दोष सापडावा म्हणून मी किती बारकाईनं बघितलं असेल! दारू नाही, विडी नाही, उशिरा येणं नाही. शेवटी त्याच्यासारखी कॉलरला इस्त्री करायला गेलो आणि दोन शर्ट जाळले.

पोटात दुखतं म्हणतात ते खोटं नाही. मला ते बरगड्यांच्या खाली, डाव्या बाजूला दुखायचं. दादांनी त्याला हाक मारली की दुखायचं, आणि दिवसभर मारली नाही तर आता मारतील या धाकानं दुखायचं.

आमच्या मोटारखान्यात खंडेनवमीची एक रीत होती. छावनीतल्या घराघरांतून तलवारी पुजल्या जायच्या, तशी तिथे हत्यारांची पूजा व्हायची. पाने, पक्कडी, हातोड्या, सगळं धुऊन पुसून लाल कापडावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं. मुख्य गोष्ट पुढे होती. पूजेनंतर आपलं हत्यार आपण उचलायचं नाही. उस्तादानं एकेकाला नावानं बोलवायचं आणि त्याचं हत्यार त्याच्या हातात द्यायचं. फौजेत तलवार अशीच देत, म्हणून मोटारखान्यातही तसंच. मग गाड्या सुरू करून अंगणाला एक फेरी मारायची, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला त्या शहराची वेस ओलांडून यायच्या. उस्तादाचं स्वतःचं हत्यार उस्तादाकडेच राहायचं. पण त्या वर्षी दसऱ्यानंतर दादा निवृत्त होणार होते. म्हणजे पेचकस कुणाच्या तरी हातात जाणार होता. कुणाच्या, हे गॅरेजात कुणी बोलत नव्हतं आणि प्रत्येक जण माझ्या आणि प्रभाकरच्या तोंडाकडे बघत होता.

मला मोठी जागा नको होती, पगार वाढायला नको होता. मला तो पेचकस हवा होता. दुसऱ्याला मिळताना बघायचा नव्हता, असंही म्हणा हवं तर.

पितृपक्ष संपत आला होता आणि असाच हस्त लागला. मागच्या नाल्यानं भिंत पाडली आणि खालच्या शेडमध्ये कमरेच्या वर पाणी आलं. बाकीच्या गाड्या ढकलून वर काढल्या, दोन राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी उतरलं तेव्हा त्या दोघी चिखलात उभ्या होत्या आणि एकीच्या दारावरचा नवा रंग सुटून जुनी मुद्रा अर्धी वर आली होती. दादांनी दोन्हींची रेघ बघितली. सीटच्या वर वीतभर.

"ही काळी तुझी," मला म्हणाले. "ती प्रभाकररावांची. नवमीला बारा दिवस आहेत. बघा."

नवमीपर्यंत सुरू करा, असं ते म्हणाले नव्हते. मी तसं ऐकलं.

प्रभाकरनं गाडी पार उघडली. सीटमधले घोड्याचे केस उपसून उन्हात पसरले, वायरी सोडवून दोरीवर टांगल्या, चेंबर उतरवलं, प्रत्येक तुकडा घासलेटनं धुऊन ताडपत्रीवर ओळीनं मांडला. मी येता-जाता टोमणा मारायचो, "काय, दुकान थाटलंय का?" माझी गाडी तोवर गाडीसारखी दिसत होती. प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी काढलं, सेल्फ वाळवला, कार्ब्युरेटर साफ केला, तेल बदललं. दुधाळ निघालं. पुन्हा बदललं. तिसऱ्यांदा अगदी मधासारखं निघालं तेव्हा पांढऱ्या कपड्यावर दोन थेंब घेऊन मी दादांना दाखवायला गेलो. ते "हं" म्हणाले.

प्रभाकर हात पुसत माझ्याकडे आला. "मनोहर, चेंबर उतरवलंस का?"

"तेल साफ आहे."

"वरून सगळंच सुकतं रे. गाळ जड असतो, तो तेलाबरोबर येत नाही. इंजिन तापलं की तेलाच्या जाळीत जाऊन बसेल. उतरव, मी हात लावतो."

मी हात लावतो! त्या तीन शब्दांनी घात केला. तो नुसता "उतरव" म्हणाला असता तर कदाचित मी उतरवलंही असतं. त्या गाडीचं चेंबर काढायचं तर पुढचा सगळा सांगाडा सैल करावा लागायचा, तीन दिवसांचं काम, आणि नवमी दोन दिवसांवर आलेली.

"तुमच्या इंदूरला चालत असेल," मी म्हटलं. "ग्वाल्हेरची गाडी दसऱ्याला उभी राहत नाही."

तो आपल्या ताडपत्रीकडे परत गेला.

खंडेनवमीच्या सकाळी आभाळ स्वच्छ झालं होतं. त्याची गाडी तुकड्यांत पडलेली, तिच्या सांगाड्याला कुणीतरी दयेपोटी एक झेंडूची माळ घातलेली. माझी काळीभोर, पॉलिश केलेली, अंगणाच्या मधोमध. पूजेआधीच मी म्हटलं, "दादा, सुरू करून दाखवू?" त्यांनी मान हलवली.

पहिल्या झटक्याला सुरू झाली. माणसांनी टाळ्या वाजवल्या. बारा दिवस पाण्याचा वास घेतलेलं अंगण पेट्रोलच्या वासानं भरून गेलं आणि डाव्या बरगडीखालचं माझं दुखणं एकदम थांबलं. मी काचेतून प्रभाकरकडे बघितलं. इतकं सुख मला पुढे लग्नातही झालं नाही, बायको हे वाचणार असली तरी लिहितो.

तेवढ्यात प्रभाकरनं हात वर केला. तोंडानं काहीतरी म्हणाला, हातानं थांब, थांब अशी खूण केली. मला वाटलं, आता जळतोय. जळू दे. मी एक्सलेटर आणखी दाबला.

गाडी सुरेल चालली होती. अंगणातल्या वीस माणसांना काहीही वेगळं ऐकू येत नव्हतं, मला नाही, दादांनाही नाही. मग अर्धं मिनिट गेलं असेल, खालून ठक् असा आवाज आला. मग ठक् ठक्. मग थांबेचना. गाळानं तेल अडलं होतं, कोरडं बेअरिंग बोलायला लागलं होतं.

"बंद कर," दादा म्हणाले.

"गई, भैया, गई," मागून कुणीतरी म्हणालं.

मी खाली उतरलो. दादांचे डोळे माझ्यावर नव्हते. ते प्रभाकरकडे बघत होते, तसेच, पहिल्या दिवसासारखे.

पूजा तर व्हायचीच होती. आरती झाली, प्रसाद झाला. दादा एकेकाला बोलवून हत्यार देऊ लागले. प्रभाकरला त्याचा पाना दिला, मला माझी पक्कड. कापडावर पेचकस तेवढा राहिला. दादांनी तो उचलला, पंच्यानं पुसला, आणि मी मान खाली घातली. पुढचं बघायचं नव्हतं मला.

"मनोहर," ते म्हणाले.

गधेड्या नाही, मनोहर. मी पुढे गेलो. त्यांनी पेचकस माझ्या हातात ठेवला, माझी बोटं त्यावर मिटवली, आणि वाकून माझ्या कानात एक वाक्य म्हणाले. मग वळून हात धुवायला गेले.

अंगणात कुजबुज सुरू झाली. "बेटे को ही देना था तो ये नाटक काहे का?" एक जण मला ऐकू येईल असं बोलला. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. माझी नजर प्रभाकरवर होती. तो माझ्या हाताकडे बघत होता. त्याच्या तोंडावर जे होतं ते मी आरशात रोज बघत आलो होतो, ओळखायला एक क्षणही लागला नाही. त्याला वडील नव्हते. वडील आपल्या हातात काहीतरी ठेवतात आणि कानात काहीतरी सांगतात, एवढंच त्यानं बघितलं होतं.

त्याच दुपारी तो माझ्या गाडीखाली शिरला आणि तिसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून चेंबर उतरवलं. तळाशी बोटभर काळा गाळ होता, मऊ, लोण्यासारखा. त्यानं त्यात बोट बुडवलं, मला दाखवलं आणि पुसून टाकलं. त्याची गाडी दिवाळीत सुरू झाली आणि पुढे कधी रुसली नाही.

वर्षभरानं राज्यांची पुनर्रचना झाली. मध्यभारत जेमतेम पोरसवदा होतं तेवढ्यात ते संपलं, राजधानी भोपाळला गेली, आणि कोण जाणार कोण राहणार याच्या याद्या लागल्या. प्रभाकर गेला. त्याची ती गाडीही गेली, दारावर तिसरं नाव घालून. स्टेशनवर पोचवायला मी एकटाच होतो. आईनं त्याच्यासाठी पुरणपोळ्या दिल्या होत्या. गाडी सुटायला पाच मिनिटं असताना त्यानं खिडकीतून विचारलं, "मनोहर, रागावणार नसशील तर एक विचारू? त्या दिवशी दादा तुझ्या कानात काय म्हणाले?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. खरं सांगतो, आलं होतं. मग मला त्याचा तो चेहरा आठवला. अख्ख्या दोन वर्षांत या माणसाला माझ्याकडचं काही हवंसं वाटलं होतं ते एवढंच.

"म्हणाले, घराण्याचं हत्यार घराण्यात राहू दे."

"बरोबर आहे," तो म्हणाला. "बापाचंच ते. बरोबर आहे."

गाडी हलली. मी बराच वेळ हात हलवत होतो.

परवा मी पेचकस पिशवीत घालून पडावला गेलो. वंदनाच्या दारात गाडी उभी होती आणि कंपनीचा मिस्त्री, चांगला चाळिशीचा माणूस, आधीच येऊन गाडीतली पायांखालची चटई उचलून वास घेत होता. मी दाराचं कापड बाजूला करून रेघ शोधली. त्यानं तेलाची पट्टी बघितली, पुसली, पुन्हा बघितली.

"सिर्फ ऑइल बदलने से नहीं होगा, अंकल. चेंबर उतारना पड़ेगा."

इतक्या वर्षांनी, अनोळखी माणूस, आणि डाव्या बरगडीखाली बारीकशी कळ आलीच. मी काही म्हणायच्या आत त्यानं हे कसं म्हटलं!

वंदनानं माझ्या हातातला पेचकस घेऊन त्याला दाखवला. तिला त्याचा फार अभिमान. "भैया, ये देखो. मेरे दादाजी उस्ताद थे. पूरे गैरेज में किसी को नहीं दिया, बाबांनाच दिला." मग माझ्याकडे वळली. "बाबा, आजोबा देते वक्त काही म्हणाले होते ना तुम्हाला? काय म्हणाले होते?"

मिस्त्रीही ऐकायला थांबला. मी तिला सांगितलं, घराण्याचं हत्यार घराण्यात राहू दे, असं म्हणाले. तिचे डोळे भरून आले.

दादा जाऊन तीस वर्षं झाली. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. प्रभाकर भोपाळला आहे. मुलाकडे असतो. गेल्या महिन्यात तिकडून आलेला एक जुना सोबती सांगत होता, तब्येत चांगली आहे, पण कान पार गेले, शेजारी फटाका वाजला तरी कळत नाही. हे ऐकून मला आधी काय वाटलं ते लिहीत नाही. वाचता मात्र येतं त्याला, रोजचं वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो म्हणे. म्हणून हे लिहिलं. प्रभाकर, दादा त्या दिवशी तुझ्याबद्दल बोलले होते. तुझंच होतं ते, मी ठेवून घेतलं.

"त्याला नुसत्या कानानं ऐकू येतं, त्याला हा देऊन काय करू? तू ठेव. तुला लागेल."